हुकमाचा एक्का कपाटात

मेंढीकोट खेळणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधीच पडत नाही: हुकमाचा एक्का आज खेळायला न्यावा की घरीच ठेवावा? बावन्न पानांचा जोड सगळ्यांचा मिळून एक असतो, पिसून वाटला की ज्याच्या नशिबी जे पान ते त्याचं, आणि हाती आलेला एक्का मी खेळणारच नाही म्हणणाऱ्या भिडूला पुढच्या डावाला कोणी बसवून घेणार नाही. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या अमेरिकी खेळाने ही सोय मोडली. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने रचलेला हा खेळ ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला, आणि त्यातली मूळ गंमतच ही की जोड ज्याने त्याने आपापल्या घरी बसून लावायचा. आजवर या खेळात पंचवीस हजारांच्या वर निरनिराळे पत्ते छापले गेले आहेत. त्यातले किमान साठ निवडायचे, साध्या जमिनीच्या पत्त्यांचा अपवाद सोडला तर एका नावाचे चारपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, आणि जो जोड तयार होईल त्याला डेक म्हणायचं. म्हणजे इथे हुकमाचा एक्का घरी ठेवता येतो. आणि लोक तो खरोखरच ठेवतात.

ज्यांनी हे पत्ते कधी हातात धरले नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की प्रत्येक पत्त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात त्याची किंमत छापलेली असते. ती मॅनात मोजतात, आणि मॅना निघतो मुख्यतः जमिनीच्या पत्त्यांतून. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याची चलती, हे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. कमी मॅनात जास्त काम करतो तो पत्ता बलवान. या हिशोबाने बलवान पत्ता पडून राहायला काही कारण नाही. तरी तो राहतो, वर्षानुवर्षं राहतो, आणि त्याचं ठरलेलं स्पष्टीकरण असं, की त्याचं बळ खेळाडूंच्या ध्यानातच आलं नाही. या स्पष्टीकरणाने समस्त खेळाडू मूर्ख ठरतात, जे ऐकायला बरं वाटतं, पण तेवढ्याने भागत नाही. माझं म्हणणं असं, की छापील किमतीखेरीज पत्त्याची आणखी एक किंमत असते आणि ती कोपऱ्यात लिहिलेली नसते. ती भीती, लाज, वेळ, डोकेदुखी, दोस्ती आणि कधी कधी रोख रक्कम अशा चलनांत मोजावी लागते. पत्ता कपाटात राहतो तो ही दुसरी किंमत द्यायला लोकांचा हात आखडतो म्हणून.

पहिला पुरावा ‘नेक्रोपोटेन्स’चा. १९९५ च्या ‘आइस एज’ संचातला हा पत्ता तीन काळ्या मॅनांना मिळतो. तो मांडला की दर फेरीला फुकटात मिळणारा एक नवा पत्ता बंद होतो. त्याऐवजी एक लाइफ मोजायचं आणि एक पत्ता घ्यायचा, हवे तेवढे वेळा. सुरुवातीला खेळाडूच्या खात्यावर वीस लाइफ असतात आणि शून्य झाले की तो हरतो. पत्ता आला तेव्हा परीक्षकांनी नाकं मुरडली. फुकटचं मिळतंय ते सोडायचं आणि वर स्वतःच्या जिवाला कात्री लावायची, हा कुठला व्यवहार? पण नियम नीट वाचला तर दिसतं की खेळाडू हरतो तो शून्याला. एक लाइफ उरलेला माणूस वीसवाल्याइतकाच जिवंत असतो. म्हणजे वीसातले एकोणीस हा खर्चायचा पैसा, आणि तो मुदत ठेवीत घालून शेवटपर्यंत व्याजाची वाट पाहणाऱ्याला इथे व्याजही मिळत नाही. हे ज्यांना पटलं त्यांनी एका फेरीत सात-आठ लाइफ उधळून सात-आठ पत्ते उचलले. १९९६ चा उन्हाळा मॅजिकच्या इतिहासात ‘ब्लॅक समर’ म्हणून नोंदला गेला तो याच पत्त्यामुळे. जो तो नेक्रो खेळत होता, किंवा नेक्रोला हरवायचा डेक लावत होता. आज ‘लेगसी’ या स्पर्धेच्या प्रकारात त्यावर बंदी आहे आणि ‘व्हिंटेज’मध्ये एकच प्रत ठेवता येते. नाकं मुरडण्यापासून बंदीपर्यंत पत्त्यावरचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

इथे जाणकार लगेच बोट वर करतील आणि त्यांचं बोट रास्त आहे. त्या काळी ‘ब्लॅक व्हाइस’ नावाचा एक पत्ता सर्रास खेळला जात असे. चारपेक्षा जास्त पत्ते हातात धरणाऱ्याला तो दर फेरीला चिमटे काढी. नेक्रोपोटेन्सने मूठभर पत्ते उचलणारा माणूस आयताच त्याच्या तावडीत सापडायचा. व्हाइसवर निर्बंध आले आणि नेक्रोचं फावलं. तेव्हा सगळं खापर खेळाडूंच्या भित्रेपणावर फोडणं बरोबर नाही, हे मला मान्य आहे. परंतु तेव्हाची तक्रार व्हाइसपुरती नव्हती. पत्त्याला नावं ठेवली गेली ती तो लाइफ मागतो म्हणून. परिस्थितीने पत्त्याला काही काळ थोपवून धरलं असेल. त्याची बदनामी केली ती भीतीने.

भीतीच्या पुढची पायरी म्हणजे लाज, आणि तिच्यासाठी ‘लायन्स आय डायमंड’ पाहावा. १९९६ च्या ‘मिराज’ संचातला हा हिरा. छापील किंमत शून्य. तो फोडला की एकाच रंगाचे तीन मॅना मिळतात, म्हणजे मॅजिकमधला सर्वांत गाजलेला पत्ता ‘ब्लॅक लोटस’ जे देतो तेच. अट एकच: फोडताना हातातले सगळे पत्ते टाकून द्यायचे. तीन मॅना मिळाले, पण ते ज्यांच्यावर खर्चायचे ते पत्तेच गेले. दात आहेत तर चणे नाहीत, याचं यापेक्षा शुद्ध उदाहरण छापलं गेलं नसेल. कंपनीने लोटसची पांगळी आवृत्ती काढायची म्हणून तो काढला आणि खेळाडूंनी तो निमूटपणे रद्दीत टाकला. त्यानंतर काय झालं ते जवळून पाहण्यासारखं आहे. ‘इन्फर्नल ट्यूटर’ नावाचा २००६ चा एक पत्ता आहे. हात रिकामा असेल तर तो डेकमधला हवा तो पत्ता शोधून हातात देतो. खेळाडू ट्यूटर खेळतो. तो अजून फळाला आलेला नाही, टेबलावर तसाच लटकतो आहे. त्या फटीत खेळाडू हिरा फोडतो, हातातले पत्ते धडाधड खाली टाकतो, तीन मॅना खिशात घालतो. आता ट्यूटर फळतो, पाहतो तर हात रिकामा! मग तो अदबीने विचारतो, मालक, कोणता पत्ता आणू? जी अट दंड म्हणून घातली होती तीच पात्रता ठरली. आज हा हिरा शेकडो डॉलरला जातो. त्याला उशीर झाला याचं एक कारण जोडीदार पत्ते नंतर आले हे आहेच, पण १९९८ चा ‘यॉगमॉथ्स विल’, जो टाकलेल्या ढिगातून पत्ते खेळू देतो, तो तर दोनच वर्षांनी आला होता. अडचण हातातलं टाकण्याची होती. भरला हात चारचौघांदेखत टेबलावर टाकणं हे आपल्या अंगवळणी पडलेल्या सगळ्या शहाणपणाच्या विरुद्ध आहे. उगाच नाही आपल्याकडे हातचं राखून वागणाऱ्याला हुशार समजत.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा येतो, की मग हे पत्ते मुळात बलवान नव्हतेच. जोडीदार मिळाला तेव्हा ते बलवान झाले. त्याआधी खेळाडूंनी दुर्लक्ष केलं ते योग्यच केलं. ‘डार्क डेप्थ्स’चं उदाहरण यासाठी हमखास देतात. २००६ ची ही एक जमीन. तिच्यावर बर्फाच्या दहा खुणा असतात, एकेक खूण काढायला तीन मॅना, म्हणजे तीस मॅना जाळले की बर्फाखालून वीस ताकदीची, उडणारी, नष्ट न होणारी राक्षसीण बाहेर येते. तीस मॅना साठेपर्यंत प्रतिस्पर्धी डाव जिंकून, घरी जाऊन, जेवून झोपलेला असतो. २००९ मध्ये ‘व्हँपायर हेक्समेज’ आली, जी स्वतःचा बळी देऊन कोणत्याही पत्त्यावरच्या सगळ्या खुणा पुसते, आणि तीस मॅनांचं काम दोनात झालं. ‘मॉडर्न’ हा प्रकार २०११ मध्ये सुरू झाला तोच डार्क डेप्थ्सवरच्या बंदीसकट. आक्षेप बिनतोड वाटतो. पण जोडीदाराविना बळ नाही हे तर प्रत्येक पत्त्याला लागू आहे. ब्लॅक लोटस एकटा टेबलावर ठेवा. तीन मॅना येतील आणि खर्चायला काही नसेल तर हवेत विरतील. तरी लोटसला कोणी दुबळा म्हटलं नाही, कारण त्याचा जोडीदार शोधावा लागत नाही, कोणताही पत्ता चालतो. डेप्थ्सला नेमक्या कामाचा लागतो, आणि तो शोधण्याची खटपट ही सुद्धा न छापलेली किंमतच. हेक्समेज छापली गेली तेव्हा कोणीतरी तीन वर्षांपूर्वीची, सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलेली जमीन आठवून ठेवलेली होती. बाकीच्यांनी तो त्रास घेतला नव्हता, एवढाच फरक.

माझं म्हणणं तपासायचं तर उलट बाजूही पाहायला हवी. न छापलेली किंमत जिथे नाहीच, तो बलवान पत्ता किती दिवस लपतो? फार दिवस नाही. २००७ चा ‘टार्मोगॉइफ’ दोन मॅनांचा एक हिरवा प्राणी आहे. टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगांत जितके प्रकार, तितकी त्याची ताकद. सुरुवातीला लोकांनी त्याच्याकडे काणाडोळा केला, पण त्याला ना लाइफ लागत होतं ना हात रिकामा करावा लागत होता. मांडा आणि मारा. त्यामुळे गुपित काही महिनेही टिकलं नाही, आणि पुढे त्याचा भाव दोनशे डॉलरच्या घरात पोहोचला. २००४ च्या ‘स्कलक्लँप’ची गोष्ट तर याहून बोलकी. तो किती भयंकर आहे हे त्याला घडवणाऱ्यांनाच उमगलं नव्हतं, पण एक मॅना देऊन पत्तेच पत्ते मिळताहेत हे खेळाडूंना पाहता क्षणी कळलं. फेब्रुवारीत आला, जूनमध्ये ‘स्टँडर्ड’ या प्रकारातून हद्दपार झाला. घडवणाऱ्याची नजर चुकली तरी फुकटचं ओळखण्यात गिऱ्हाईक चुकत नाही. खेळाडूंची नजर अधू असती तर ती या दोन पत्त्यांबाबतही अधूच राहिली असती.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राच्या दिशेने येतो. लाखो लोक खेळतात, संगणकावर रात्रंदिवस डाव चालतात, जिंकणाऱ्या डेकची यादी त्याच संध्याकाळी जगभर पोहोचते; असं असताना बलवान पत्ता लपून राहीलच कसा? बाजार इतका आंधळा नसतो. नसेल, पण बाजाराला नावड असते. सप्टेंबर २०१५ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या ग्रां प्री स्पर्धेत झॅक एल्सिक या खेळाडूने ‘लँटर्न कंट्रोल’ नावाचा डेक घेऊन पहिला क्रमांक मिळवला. त्यातला मुख्य कंदील, ‘लँटर्न ऑफ इन्साइट’, २००४ पासून कवडीमोलाने पडून होता. काम काय, तर दोघांच्याही डेकमधला वरचा पत्ता उघडा ठेवणं. त्याला ‘कोडेक्स श्रेडर’ची जोड, जो वरचा पत्ता ढिगात टाकतो, आणि ‘एन्स्नेअरिंग ब्रिज’ची, ज्यामुळे आपला हात रिकामा असेल तर ताकद असलेला कोणताही प्राणी हल्ला करू शकत नाही. आता टेबलावर काय दिसतं पाहा. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच डेकचा पुढचा पत्ता दिसतो. कामाचा असेल तर तो डोळ्यांदेखत ढिगात जातो. बिनकामाचा असेल तर, घ्या, घ्या, तुमचाच आहे. असं फेरीमागून फेरी. हल्ला नाही, रक्तपात नाही, एखाद्या सरकारी खिडकीवर शोभावी अशी शांत, नियमबद्ध अडवणूक. हे पत्ते कोणाला माहीत नव्हते असं नाही. श्रेडर २०१२ पासून उपलब्ध होता. पण तीन वर्षं कोणाला अशा रीतीने जिंकायचं नव्हतं, कारण अशा रीतीने जिंकणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने पाहतात ती नजर झेलायची तयारी लागते. यादी जगभर पोहोचते हे खरं, पण यादीबरोबर तेवढी जाड कातडी पोहोचत नाही.

वेळेचं आणि डोक्याचं असंच. स्पर्धेत एका सामन्याला पन्नास मिनिटं असतात. २०१२ च्या ‘रिटर्न टू राव्हनिका’ प्रो टूर स्पर्धेत स्टॅनिस्लाव्ह सिफ्का ज्या ‘एग्ज’ डेकने जिंकला, त्यात एकच खेळाडू बराच वेळ स्वतःशीच खेळत बसायचा आणि समोरचा छताकडे पाहायचा. पुढच्या वर्षी त्यातला ‘सेकंड सनराइज’ मॉडर्नमधून काढला तो फार बलवान म्हणून नव्हे, तर त्याच्यापायी अख्खी स्पर्धा खोळंबते म्हणून. ‘क्रार्क-क्लॅन आयर्नवर्क्स’ची तऱ्हा आणखी निराळी. मॅट नासने २०१८ मध्ये त्यावर ग्रां प्री जिंकल्या, डेक पुन्हा पुन्हा शेवटच्या आठांत दिसू लागला, तरी सभागृहात तो खेळणारे मोजकेच. का, तर मॅना मोजता मोजता मध्येच कोणता पत्ता कधी जळला आणि त्याने कोणता परत आणला, हा हिशोब चालवताना पंचांनाही नियमपुस्तक उघडावं लागे. जानेवारी २०१९ मध्ये बंदी आली तेव्हा अनेक खेळाडूंनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. आता तो न खेळण्याचं कारण सांगावं लागणार नव्हतं.

पण सगळ्यांत महाग चलन दोस्तीचं. ‘कमांडर’ हा प्रकार चार जणांनी टेबलाभोवती गप्पा मारत खेळायचा. शंभर पत्ते, साध्या जमिनी सोडल्या तर प्रत्येकाची एकच प्रत, चाळीस लाइफ. त्यात ‘आर्मागेडॉन’ खेळायला पूर्ण मुभा आहे. १९९३ च्या पहिल्या संचातला पत्ता, चार मॅना, टेबलावरच्या सगळ्यांच्या सगळ्या जमिनी नष्ट. आपलं सैन्य आधी उभं असेल तर हा पत्ता म्हणजे डाव संपल्याची घोषणा. मग तो डेकांत इतका दुर्मीळ का? कारण डाव संपत नाही! जमीन गेलेली तीन माणसं पुढचा पाऊण तास मॅनाविना बसून राहतात, आणि रिकाम्या बसलेल्या माणसांना बोलायला एकच विषय उरतो. कोणत्या पत्त्यांनी डोकं फिरतं याचं खेळाडू दरवर्षी मतदान घेतात. त्यात वरच्या जागी ‘स्टॅसिस’ आणि ‘विंटर ऑर्ब’ असे पत्ते येतात, ज्यांच्यामुळे कोणी मरत नाही, नुसते सगळे खोळंबतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने कमांडरचे पाच स्तर जाहीर केले आणि खालच्या तीन स्तरांत सर्वांच्या जमिनी उडवणं अपेक्षित नाही असं लिहूनच टाकलं. बंदी नाही, बरं का. नुसतं अपेक्षित नाही. मुंज-बारशाच्या आमंत्रणावर ‘आहेर आणू नये’ छापतात त्या सुरातलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण कमांडरच्या टेबलावर तिनेच शांतता राखली आहे.

रोख रकमेबद्दल फार बोलायला नको, तिथे कोणाचा वाद नाही. १९९४ चा ‘टॅबर्नॅकल अॅट पेन्ड्रेल व्हेल’ हजारो डॉलरचा आहे आणि कंपनीने जे पत्ते पुन्हा न छापण्याचं वचन १९९६ मध्ये दिलं त्या यादीत तो बसतो. लेगसीमध्ये तो कमी दिसतो याला मानसशास्त्र लागत नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत सज्जन आहे: अहो, लोक मजेसाठी खेळतात. मॅजिकचे मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी २००२ मध्येच खेळाडूंचे तीन नमुने सांगून ठेवले, टिमी, जॉनी आणि स्पाइक. एकाला भव्य काहीतरी घडलेलं हवं, एकाला स्वतःची कल्पकता दाखवायची असते, आणि तिसऱ्याला फक्त जिंकायचं असतं. मग आर्मागेडॉन न खेळणारा टिमी चुकतो कुठे? कुठेच नाही. दोस्ती टिकवायला एक पत्ता घरी ठेवला तर तो स्वस्तातला सौदा आहे, आणि मला त्याच्याबद्दल आदरच आहे. माझी तक्रार स्पाइकबद्दल आहे. बक्षिसासाठी स्पर्धेत उतरलेल्या, जिंकण्याखेरीज आपल्याला काही नको असं छातीठोक सांगणाऱ्या माणसाने कंदील तीन वर्षं पेटवला नाही आणि आयर्नवर्क्स दुसऱ्याला जिंकताना पाहूनही उचलला नाही. आणि कारण विचारलं तर तो ‘मला लाज वाटते’ किंवा ‘माझं डोकं चालत नाही’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, पत्ताच कमजोर आहे. हिशोबाची वही उघडून टक्केवारी दाखवतो. टिमी निदान खरं बोलतो.

संगणकाने ही लाज उतरवली असेल अशी एक आशा होती. ‘मॅजिक अरीना’ ही खेळाची संगणकावरची आवृत्ती २०१९ पासून रीतसर सुरू आहे; समोरचा माणूस दिसत नाही, त्याचा उसासा ऐकू येत नाही, नजर झेलायचा प्रश्नच मिटला. डोक्याची किंमत तर निम्म्यावर आली, कारण मॅना मोजण्याचं आणि नियम पाळण्याचं काम यंत्र करतं. तेव्हा अडवणुकीचे सगळे डेक तिथे माजायला हवे होते. पण तिथे प्रतिस्पर्ध्याच्या हाती एक नवं हत्यार आहे: कंटाळा आला की तो हार पत्करून निघून जातो, आणि पुढच्या क्षणी दुसऱ्या कुणाशी खेळू लागतो. एवढी सुबक कोंडी रचून बसलेला खेळाडू पडद्यावरच्या ‘विजय’ या शब्दाकडे पाहत राहतो, आणि बरेचदा दुसऱ्या दिवशी निमूटपणे साधा मारामारीचा लाल डेक लावतो.